झेग्नाच, रिव्हिजन तीन

आमच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर रोज सकाळी सव्वासहाला लिफ्टसमोर एक माणूस स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन उभा असायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रबरी सपाता आणि वाटीत दही. लिफ्टकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणायचा, "हात पुढे करा." हात पुढे झाला की तळव्यावर चमचाभर दही पडायचं. ते चाटून होईपर्यंत लिफ्टच्या दारात त्याने उजवा पाय अडकवलेला असायचा. मग, "खलास! आता जा. नीट जा आणि परत या." पाय मागे, दार बंद.

हे आमचे साळवीकाका, फ्लॅट सातशे चार. मूळचे चिपळूणचे, पण सव्वीस वर्षं शारजात. एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे साईटवर जाणारा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र यांच्या हातून जायचं. त्यावर नंबर घालायचा, रिव्हिजन घालायची, कोणाला दिलं त्याची सही घ्यायची. या नोकरीने माणसाचं काय होतं ते मी काकांमध्ये बघितलं. त्यांच्या फ्रिजमधल्या डब्यांवरही तारीख आणि रिव्हिजन असायची. आमटी, रिव्हिजन एक. म्हणजे कालच्या आमटीत पाणी घातलेलं.

आम्ही शारजातल्या अल नहदा भागात या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला पहिलं दही मिळालं. मी दुबईत एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या मंजुऱ्या बघते. सकाळी एक मिनिट उशीर झाला की पुढे रस्त्यावर चाळीस मिनिटं जातात.

"अहो काका," मी म्हटलं, "मी कामाला चाललेय. परीक्षेला नाही की लंडनला नाही."

"जाणारा कुठे जातो त्याला महत्त्व नाही, प्रधानबाई. कोणीतरी दारापर्यंत आलं पाहिजे."

त्यांच्या तावडीतून कोणीही सुटलेलं मी पाहिलं नाही. गॅसचा सिलिंडर पोचवणारा पठाण, पार्सलवाले, एसी दुरुस्त करणारे, सगळ्यांना दही. पठाणाला वाटलं, ही नव्या डेअरीची जाहिरात आहे. तो म्हणाला, "चाचा, पूरा गिलास दो ना." सातशे तीनमधली ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स आधी सॅनिटायझरने हात चोळायची, मग दही घ्यायची, मग परत चोळायची. आणि प्रत्येकाचं चाटून झालं की काका हसत म्हणायचे, "माझी पाळी येईल तेव्हा बघू हं, कोण उठतंय ते." आम्ही सगळे म्हणायचो, "उठणार ना काका, उठणार."

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण दह्यामागून शब्द यायचा. काकांना जगभरचे निरोपाचे शब्द गोळा करायचा नाद होता. ग्रेसकडून तिचा घेतला, मल्याळी शेजाऱ्याकडून त्याचा घेतला, शेजारच्या शमीमभाभीचं 'खुदा हाफिज' घेतलं. सगळे एका रजिस्टरमध्ये नंबर घालून ठेवलेले. त्यातला लाडका एकच, तो पोलिश भाषेतला. झेग्नाच.

"कुठला नाच?" मी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेव्हाच माझं चुकलं. लिफ्ट तीन वेळा येऊन गेली.

पुढे मराठी भाषा दिनाला इथल्या मराठी मंडळाने त्यांना तीन मिनिटं दिली. विषय त्यांनी 'निरोप' असा कळवला होता. आम्हाला वाटलं, कविता वाचतील. काका स्टेजवर आले ते नकाशाचा भलामोठा कागद गुंडाळून घेऊन. दोन पोरांना तो धरायला लावला. कागदाच्या कोपऱ्यात बांधकामाच्या नकाशावर असतो तसा रिव्हिजनचा तक्ता.

"मूळ कागद लॅटिन," काका म्हणाले. "रिव्हिजन झीरो. अर्थ, खूण करणे. चर्चवाल्यांनी तो उचलला, तेव्हा खूण म्हणजे क्रूसाची खूण झाली. तिथून गेला जर्मनांकडे. रिव्हिजन एक, आशीर्वाद देणे. तिथून चेक लोकांच्या हातून पोलंडात. रिव्हिजन दोन, निघणाऱ्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढणे. आणि रिव्हिजन तीन, नुसता निरोप देणे. आज तिथला देव न मानणारा माणूससुद्धा स्टेशनवर कोणाला सोडायला गेला की हाच शब्द वापरतो. झेग्नाच!"

हॉलच्या मागे वडे तळून झाले होते. त्यांचा वास पुढच्या रांगेपर्यंत आला होता.

"आमच्या धंद्यात," काका आता रंगात आले, "नवी रिव्हिजन आली की जुनीवर 'सुपरसीडेड'चा शिक्का मारायचा आणि ती साईटवरून उचलायची. नाहीतर गवंडी जुना नकाशा बघून भिंत घालतो. पण या शब्दात बघा, एकही कागद रद्द झालेला नाही. चारी चालू आहेत!"

"काका, पाचवा आहे का अजून?" मागून कोणीतरी ओरडलं. "वडे गार होतायत."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कागदाकडे बघितलं. "आहे," ते म्हणाले. "तो विथहेल्ड आहे. द्यायचा नाही असा." आणि त्यांनी कागद गुंडाळायला घेतला. बावीस मिनिटं झाली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मराठी भाषा दिनाला पोलिश भाषेचं प्रवचन झाल्याबद्दल मला चार जणींचे फोन आले.

तेव्हापासून मला त्यांचा रागच यायला लागला. खरं सांगते, लपवायचं कशाला! मुळात मी तापट. नवरा आठवडाभर कामासाठी अल ऐनला, शुक्रवारी येणार. घर, मुलगी, नोकरी, रस्ता, सगळं माझ्या डोक्यावर. त्यात सकाळी सव्वासहाला हा माणूस लिफ्ट अडवून शब्दाचं मूळ सांगणार!

एप्रिलमध्ये एक दिवस क्लिनिकमध्ये ऑडिट होतं. मी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन धावत लिफ्टपाशी आले. काका म्हणाले, "हात." मी म्हटलं, "आज नको काका, प्लीज." ते म्हणाले, "चमचाभरच आहे, यल्ला, चला चला." आणि चमचा पुढे केला. मी हात झटकला. दही सगळं वरच्या फाईलवर, तिथून माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर. काकांचा पाय निसटला, लिफ्ट रिकामीच खाली गेली.

माझा पारा असा चढला की बस. "तुमच्या घरातलं कोणी जात-येत नाही का हो?" मी ओरडले. "त्यांना घाला ना दही! आम्हाला कशाला वेठीला धरता? माझ्या दाराशी परत उभे राहू नका."

काका फाईलवरचं दही आपल्या रुमालाने पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही कोणी. सगळे जाऊन झाले."

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टपाशी आले तर काका वाटी घेऊन दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. हे तर अजूनच वाईट. तिसऱ्या दिवसापासून मी फायर डोअर ढकलून जिन्याने उतरायला लागले. सात मजले. गुडघे बोलायला लागले.

"ममा, व्हाय आर वी टेकिंग द स्टेअर्स?" सईने विचारलं. ती सातवीत आहे.

"व्यायाम."

"ऑर हायडिंग फ्रॉम काका?" ती म्हणाली. ही मुलं आपल्या भाषेत उत्तर देत नाहीत, पण बरोबर वर्मावर देतात.

हे जिन्याचं प्रकरण शमीमभाभीच्या कानावर गेलं. त्या सातशे दोनमध्ये, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यात जुन्या. माहेर-सासर दोन्ही श्रीवर्धनचं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, समोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलंच नाय?"

मग त्यांनी सांगितलं.

काकांना एक मुलगा होता, अमेय. इथेच वाढलेला, इथल्याच शाळेत शिकलेला. काकांनी त्याला आपल्याच कंपनीत आपल्या शेजारच्या टेबलावर लावून दिलं. तीन महिन्यांत तो म्हणाला, मला दिवसभर कागदांवर शिक्के मारत बसायचं नाही. एका एजंटमार्फत पोलंडला एका गोदामात काम मिळवलं. काका संतापले. शिकलेला मुलगा खोकी उचलायला जातो म्हणजे काय! "गेलास तर तू माझा कोणी नाहीस," असं चार भिंतींत नाही, कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले.

"निघायच्या दिवशी मी तिथंच होते," शमीमभाभी म्हणाल्या. "बॅगा दारात. साळवीभाभीने हातावर दही ठेवलं. पोरगा बेडरूमच्या दाराशी गेला. बाबा, निघतो मी, म्हणाला. दार बंद. परत म्हणाला. तीनदा म्हणाला गं. भाईसाब काय बाहेर आले नाय. मग लिफ्ट आली, गेला तो."

दुसऱ्या हिवाळ्यात अमेय पहाटे सायकलवरून कामावर जात होता. बर्फ होतं. मागून ट्रक आला.

शारजात त्याच्या अस्थी आल्या, एका खोक्यातून कपडे आले, आणि त्याच्या म्हाताऱ्या घरमालकिणीचं पत्र आलं, पोलिशमध्ये. काकांनी ते कोणाकोणाकडून तीन वेळा वाचून घेतलं. तिने लिहिलं होतं, तो निघाला की रोज मी दारापर्यंत जायचे आणि अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करायचे, माझ्या स्वतःच्या मुलांना करायचे तशी. त्या दिवशीही केली होती. आणि मग तो शब्द. मी त्याला झेग्नाच केलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तो निरोप न घेता गेला नाही.

"मी विचारलं त्यांना," भाभी म्हणाल्या. "भाईसाब, तुमच्या पोराच्या कपाळावर क्रूस काढला, तुम्हाला काय वाटलं? तर म्हणाले, शमीम, कोणाच्या देवाची खूण होती ते मी नाय विचारत. कोणीतरी दारात आलं होतं ना, एवढंच बघतो."

साळवीकाकू तेराव्यानंतर चिपळूणला निघून गेल्या. जाताना काकांना एकच वाक्य म्हणाल्या, "तुम्ही बाहेर यायला हवं होतं." त्यानंतर दोन वर्षं त्या काकांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काका दर शुक्रवारी फोन करायचे, त्या उचलायच्या, ऐकायच्या आणि ठेवायच्या. विरजण काकूंचंच होतं. ते मात्र काकांनी मरू दिलं नव्हतं.

मी घरी आले. जीभ छाटून टाकावी असं वाटलं. सईला म्हटलं, त्या शब्दाचे सगळे अर्थ शोध बघू. तिने दोन मिनिटांत शोधले. काकांनी सांगितलेले चारही बरोबर होते. "अँड देअर इज वन मोअर, ममा. सेम रूट. पहिले सैतानाला क्रूस करून पळवायचे ना, त्यावरून. नाऊ इट मीन्स टु डिसओन समवन."

तोच तो विथहेल्ड.

आता कोणीही शहाणी बाई काय करेल? उठेल, चार दारं ओलांडून जाईल आणि माफी मागेल. मी नाही गेले. मी म्हटलं, उद्या. उद्या सकाळी लिफ्टने जाईन, स्वतःहून हात पुढे करीन, सगळं आपोआप मिटेल. सकाळी उठले की पाय जिन्याकडेच वळायचे. अकरा दिवस मी 'उद्या' म्हणत जिना उतरले.

बाराव्या दिवशी लिफ्टशेजारी कागद लागला. टाईप केलेला, वर नंबर, खाली वितरण यादी. विषय, श्री. साळवी यांचे कायमचे प्रस्थान. कंपनीने साठीच्या वरच्या सगळ्यांना घरी पाठवायचं ठरवलं होतं. मी वेळ वाचली. शुक्रवार, बारा पंचावन्न. वितरण, सातवा मजला, सर्व. आणि खाली पेनने मराठीत एक ओळ होती, 'आता बघू, कोण उठतंय.'

माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याच क्षणी डोक्यात बेत आला. माझी माफी साधी कधी नसतेच, तिला कार्यक्रम लागतो. मी मजल्यावरच्या सगळ्यांना गाठलं. शुक्रवारी दुपारचं विमान, म्हणजे काका साडेनऊला निघणार. नऊ वाजता बाकीच्या सहाही दारांत सहा माणसं, सहा हातांत दह्याच्या सहा वाट्या. काका बाहेर आले की एकेकाने त्यांच्या हातावर ठेवायचं. ग्रेसने ड्यूटी बदलून घेतली. मल्याळी शेजाऱ्याने बायकोला विचारलं, आपल्याकडे दही घट्ट आहे ना? शमीमभाभी म्हणाल्या, मी बरोबर डबा देईन. शेवटी माझा केक. त्यावर काय लिहायचं, तर तोच शब्द. सईने चिठ्ठीवर लिहून दिला. कोणीही काकांना काही कळू द्यायचं नाही, अशी मी सगळ्यांना ताकीद दिली.

गुरुवारी संध्याकाळी साडेआठला मी केक आणायला खाली गेले. बेकरीवाल्याला तो शब्द कोणाचं तरी नाव वाटला होता. त्याने निळ्या क्रीमने लिहिलं होतं, 'हॅपी झेग्नाच'. मी म्हटलं, असू दे, काकांना हसू येईल.

लिफ्टने सातव्यावर जायची सोय नव्हती, काका दिसले तर सगळं फुटलं असतं. मी सहाव्यावर उतरले आणि एक मजला जिन्याने चढले. फायर डोअरला हात लावते तोच पलीकडून लिफ्टचं 'टिंग' ऐकू आलं. लिफ्टचं दार बंद व्हायला निघालं, परत उघडलं. परत निघालं, परत उघडलं. काका! पाय अडकवून उभे. एवढ्या संध्याकाळी कोणाला दही घालतायत, माझ्या मनात आलं आणि मला हसूच फुटलं. मी केक छातीशी धरून दाराआड उभी राहिले. श्वाससुद्धा जपून घेत होते. दार जाड, पलीकडे बोलल्याची गुणगुण फक्त येत होती. केकचा डबा हाताला जड व्हायला लागला. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग लिफ्ट खाली गेली.

मी हळूच बाहेर आले. कॉरिडॉर रिकामा. पळत शमीमभाभींकडे गेले, केक त्यांच्या फ्रिजमध्ये टाकला. "वाचले," मी म्हटलं. "थोडक्यात वाचले."

शुक्रवारी नऊ वाजता सहा दारं उघडली. ग्रेस गणवेशात होती. माझा नवरा अल ऐनहून पहाटे निघून वेळेत पोचला होता. सई मोबाईल धरून उभी होती. मी सातशे चारची बेल दाबली. परत दाबली. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. दही पातळ व्हायला लागलं.

लिफ्ट आली. आमचा वॉचमन बशीर बाहेर आला, हातात सातशे चारच्या किल्ल्या. आम्हाला सगळ्यांना वाट्या घेऊन उभं बघून तो थबकला.

"काका तो कल ही गये, मॅडम. शाम को."

"कल कैसे? आज का फ्लाइट है ना, बारा पचपन?"

बशीरने लिफ्टशेजारच्या कागदाकडे बोट केलं. मी जवळ जाऊन बघितलं. शुक्रवार, शून्य शून्य पंचावन्न. मध्यरात्रीनंतरची पंचावन्न मिनिटं. म्हणजे गुरुवारी संध्याकाळीच घर सोडायचं. चौदा वर्षं मी या देशात राहते. एकदा आमचं स्वतःचं विमान असंच चुकलेलं आहे, त्यावरून मी नवऱ्याला आजतागायत बोलते. आणि कागद मी वाचला, बाकीच्यांनी माझ्या तोंडून ऐकला. काका रोज म्हणायचे, कागद नीट वाचा, प्रधानबाई.

बशीर सांगत होता. "मैं बैग लेने ऊपर आया. चाचा लिफ्ट में पाँव डाल के खड़े हो गये. एक एक दरवाज़ा देख रहे थे. मैंने बोला, चाचा, बेल मारूँ? बोले, नहीं, दही माँग के नहीं लेते. दस मिनट खड़े रहे. मेरे दोनों हाथ में बैग थे, मैडम, नहीं तो मैं रख देता. फिर उन्होंने खुद ही अपने हाथ पे दही रखा, खाया. और बोले, ठीक है बशीर, मैं भी बाहर नहीं आया था. मुझे समझ में नहीं आया."

मला समजलं. शमीमभाभींना समजलं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

काकांची वाटी खाली बशीरच्या टेबलावर होती. तळाशी थोडं दही उरलं होतं. मी ते घरी आणून विरजण म्हणून दुधाला लावलं. लागलं नाही, रात्रभरात आंबून गेलं होतं. केक दोन दिवस फ्रिजमध्ये राहिला. सईने त्याला हात लावला नाही, मी तर नाहीच.

काकांचा इथला नंबर बंद झाला होता. चिपळूणचा मिळवायला शमीमभाभींना नऊ दिवस लागले. मी फोन लावला. पलीकडे कोणीतरी उचलला आणि काही बोललं नाही. त्या काकू असणार. मी माझं नाव सांगितलं, शारजाहून, सातवा मजला. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"बोला, प्रधानबाई!" काकांचा आवाज अगदी नेहमीचा. "कशा आहात? लिफ्ट वेळेवर मिळते की नाही आता?"

"काका, काकू कशा आहेत?"

"दार उघडलं तिने. जेवायला वाढते. बोलत नाही."

मग मी सगळं सांगितलं. सहा वाट्या, केक, शून्य शून्य पंचावन्न. सांगताना रडत होते, थांबवता येत नव्हतं. काका आधी मोठ्याने हसले. "कितीदा सांगितलं, कागद नीट वाचा! अहो, रडता काय? होतं असं."

"काका, तुम्ही उभे होतात ना लिफ्टपाशी, तेव्हा मी तिथेच होते. फायर डोअरच्या मागे. तुम्हाला दिसू नये म्हणून लपले होते."

"किती वेळ?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जाईपर्यंत."

"हं." ते खुर्चीत बसल्याचा आवाज आला. "मीपण," ते म्हणाले. "मी आत टीव्ही बघत होतो असं सगळ्यांना वाटतं. मी दाराशीच होतो. कडीवर हात होता माझा. तीनदा बोलावलं त्याने. मी म्हटलं, चौथ्यांदा बोलावू दे, की उघडतो. आणि लिफ्टचा आवाज आला."

मी ओढणीने डोळे पुसले.

"तुम्ही दाराआड होतात हे तुम्ही आज मला सांगितलंत, प्रधानबाई. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं," काका म्हणाले. "त्याला कोण सांगणार हो?"

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. दोन वर्षं न वापरलेला, घोगरा.

"कडीवर हात होता तुमचा?"

फोन काकांच्या हातातच असावा, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि त्या दोघांपैकी कोणाचा तरी श्वास. आवाज होणार नाही अशा बेताने मी फोन बंद केला.